राख गेली, ओल राहिली

पुण्यातल्या कोथरूडच्या स्वयंपाकघरांचा इतिहास लिहायचा तर सुरुवात राखेपासून करावी लागेल. साबण, पावडर, लिक्विड हे सगळं फार नंतरचं. ग्रामदैवत म्हातोबाच्या या गावात विहिरीचं पाणी शेंदणाऱ्या घरांत भांडी घासायला चुलीतलीच राख असे आणि जोडीला नारळाची शेंडी. मी उमेदीची सगळी वर्षं मायक्रोबायॉलॉजी शिकवण्यात घालवली, म्हणून छातीठोकपणे सांगते की त्या राखेत अडाणीपणा नव्हता. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. ती ओली झाली की तेला-तुपाचा ओशटपणा सोडवते, आणि कोरडी असली की ओल शोषून घेते. जंतूंना वाढायला अन्न, ऊब आणि ओल लागते. राख त्यातलं अन्न घासून काढी आणि ओलही टिपून घेई.

सोवळ्याओवळ्याचंही तसंच पाहावं लागतं. त्यात माणसाचा आणि पाळीतल्या बाईचा विटाळ मानण्याचा जो भाग होता तो अन्याय होता, आणि तो गेला हे उत्तम झालं. पण त्याच शिस्तीत काही नियम लाखमोलाचे होते. खरकटा हात मिठाच्या बरणीला लावायचा नाही. लोणचं कोरड्या चमच्यानेच काढायचं. रात्रीची भांडी सकाळवर टाकायची नाहीत. आमच्या सासूबाई हे नियम देवाच्या नावाने पाळत. मी तेच जंतूंच्या नावाने पाळत आले.

पुण्यात जंतूंचं भय घरोघर पोचलं ते १८९७ च्या प्लेगमध्ये. रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या प्लेग कमिटीचे गोरे सोजीर घरं तपासायला थेट देवघरात आणि स्वयंपाकघरात शिरले. भिंतींना चुना, जमिनीवर जंतुनाशक, सामानाची नासधूस. त्या संतापातून २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिलं ते पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये, कराचीत. म्हणजे खरी लढाई धान्याच्या उघड्या कणगीपाशी होती. घट्ट झाकणाच्या डब्याने जे साधलं असतं, ते सोजिरांच्या बुटांनी साधणार नव्हतं.

त्याच प्लेगच्या वर्षांत, १९०० मध्ये, धोंडो केशव कर्व्यांनी विधवांचा आश्रम शहरातून कोथरूडशेजारच्या हिंगण्याच्या माळावर नेला. फर्ग्युसनला गणित शिकवायला ते तिथून पायी ये-जा करत. रावबहादूर गोखल्यांनी दिलेल्या जागेवर उभी राहिलेली ती झोपडी आजच्या कर्वेनगरात जपून ठेवलेली आहे. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढलं आणि अभ्यासक्रमात गृहशास्त्र आणि आरोग्यशास्त्राला जागा दिली. बाईने आजवर सवयीने केलेलं काम आता कारण समजून करावं, हा विचार मला फार मोठा वाटतो. कर्व्यांच्या मेव्हणी पार्वतीबाई आठवले तर पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेला गेल्या आणि इंग्रजी शिकण्यासाठी तिथल्या घरांत घरकाम करून राहिल्या. ‘माझी कहाणी’त त्यांनी ते सगळं लिहून ठेवलं आहे.

आम्ही सदाशिव पेठेतला वाडा सोडून डहाणूकर कॉलनीत आलो तेव्हा कोथरूड झपाट्याने बदलत होतं. खाली बसून करायचा स्वयंपाक कडाप्प्याच्या ओट्यावर आला. गॅस आला, म्हणजे चुलीची राख गेली. तरी सासूबाईंचा पितळी बंब बाल्कनीत होता. त्याची राख त्या पिठाच्या जुन्या चाळणीने चाळत, खडा राहिला तर भांड्याला चरे पडतात म्हणून. तांब्याच्या कळशीला चिंच, पितळेच्या पातेल्यांना वर्षातून एकदा कल्हई. कल्हईवाला भाता मारून पातेलं तापवी, नवसागर टाकी, पांढरा धूर निघे, आणि कथिल कापसाच्या बोळ्याने आतून फिरवलं की पातेलं रुप्यासारखं उजळे. कल्हई उडालेल्या भांड्यात आमटी कळकते हे लहान मुलालाही ठाऊक होतं.

गीझर आला, बंब भंगारात गेला. १९८९ मध्ये ठाण्यात पितांबरी पावडर निघाली, मग भांड्यांचा बार, मग लिक्विड. हात फाटायचे थांबले आणि ते व्हायलाच हवं होतं. ते हात बहुतेक वेळा घरमालकिणीचे नव्हतेच. पुण्यातच १९८० मध्ये मोलकरणींनी संप केला, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा मात्र २००८ मध्ये झाला. आपल्या स्वच्छ ओट्याचं श्रेय आधी त्या बायकांना द्यायला हवं.

राखेबरोबर एक गोष्ट मात्र नकळत गेली, ती म्हणजे कोरडेपणा. कॉलेजात मी मुलींना घरचं ओट्याचं फडकं आणायला सांगत असे. निर्जंतुक बोळा त्यावर फिरवायचा, तो अगारच्या बशीवर ओढायचा, आणि बशी रात्रभर ३७ अंशांवर ठेवायची. सकाळी बशीवर पांढऱ्या, पिवळ्या वसाहतींचा थर असे. उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवलेल्या फडक्याची बशी जवळजवळ स्वच्छ. ई. कोलाय या जंतूला सगळं मनासारखं मिळालं तर तो वीस मिनिटांत दुप्पट होतो. सिंकमध्ये रात्रभर पडलेला ओला स्पंज त्याला बरंचसं तेच देतो.

जानेवारी २०२५ मध्ये मुठेपलीकडे किरकटवाडी, नांदेड, धायरी या पट्ट्यात गिया बारे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. काहींच्या नमुन्यांत या आजाराला निमित्त ठरणारा कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी सापडला. हा जंतू दूषित पाण्यातून आणि कच्च्या कोंबडीतून येतो. कोंबडी नळाखाली धुतली की शिंतोड्यांबरोबर तो ओटाभर पसरतो. पण तो नाजूकही आहे. नीट शिजवलं की मरतो, आणि कोरड्या जागेवर फार तग धरत नाही. पाणी उकळा, हे तेव्हा सगळे सांगत होते. ओटा कोरडा ठेवा, हेही तितक्याच जोरात सांगायला हवं होतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट वेगळे ठेवा. रात्री सिंक रिकामं करून पुसून घ्या. फडकी दोन-तीन ठेवा आणि रोज बदला. घरी भांडी घासायला येणाऱ्या ताईंना कोरडं फडकं आणि हातमोजे द्या. आणि कोथरूडच्या नव्या फ्लॅटमध्ये भांडी घासायला जी ड्राय बाल्कनी मिळते, तिला काचा लावून अडगळीची खोली करू नका. तिथे ऊन-वारा येऊ द्या. राखेचं काम आता त्यांनाच करायचं आहे.