फ्लॉपी वाचली, मजकूर वाचता आला नाही : चल संचय-माध्यमांची देवघेव आणि पुणे–खडकवासला परिसर

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील संगणकाचा इतिहास लिहिताना १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेचा आणि १९९१ मधील परम ८००० या महासंगणकाचा उल्लेख अग्रक्रमाने येतो, व तो योग्यही आहे. तथापि येथील प्राध्यापक, टंकलेखक, मुद्रक आणि संशोधक विद्यार्थी यांच्या वाट्याला महासंगणक आला नाही; त्यांच्या वाट्याला आली ती फ्लॉपी. एका संगणकावर तयार केलेली माहिती खिशात घालून दुसऱ्या संगणकाकडे नेता येते, ही कल्पनाच त्या काळी नवी होती. ती माहिती दुसऱ्या संगणकास वाचता येईलच असे मात्र नव्हते. सदर निबंधात या अडचणीचे स्वरूप तपासून तिचा मराठी लेखनाशी असलेला संबंध पाहावयाचा आहे.

खडकवासला परिसर या दृष्टीने लक्षणीय आहे. १९१६ साली सुरू झालेल्या कार्यातून विकसित झालेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र, १९५५ साली विधिवत उद्घाटन झालेली राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, तसेच १९५२ साली खडकीस स्थापन होऊन पुढे गिरीनगर येथे आलेली व आज प्रगत तंत्रज्ञान संरक्षण संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था, अशा तीन मोठ्या संस्था या जलाशयाच्या काठी उभ्या आहेत. मोजमाप, नोंदी व अहवाल हेच ज्यांचे दैनंदिन काम, अशा संस्थांच्या परिसरात माहिती एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाण्याचा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. शिवाय दप्तर नष्ट होणे म्हणजे काय, हे या गावाने व पुणे शहराने १२ जुलै १९६१ रोजी पाहिले आहे. पानशेतच्या लोंढ्याने त्या दिवशी खडकवासल्याचेही धरण फुटले आणि शहरातील असंख्य घरांतील व संस्थांमधील कागदपत्रे पाण्याखाली गेली. परंतु भिजलेला कागद हाती लागला, तर तो वाळवून वाचण्याची आशा तरी असते. फ्लॉपीवरील मजकुराचा ऱ्हास निराळ्या प्रकारचा आहे : वस्तू शाबूत राहते आणि मजकूर हरवतो.

माध्यमाची अडचण :

आयबीएम कंपनीने १९७१ साली आठ इंची फ्लॉपी आणली ती देवघेवीसाठी नव्हे, तर मोठ्या संगणकात सूचनावली भरण्यासाठी. १९७३ च्या ३७४० या माहिती-नोंद यंत्रणेमुळे मात्र तिला एक ठरावीक मांडणी मिळाली : ७७ वर्तुळाकार मार्ग, प्रत्येक मार्गावर २६ खंड व प्रत्येक खंडात १२८ बाइट. ही मांडणी अनेक कंपन्यांनी स्वीकारल्यामुळे काही वर्षे आठ इंची फ्लॉपी ही जवळजवळ सार्वत्रिक चलनासारखी वापरता आली. १९७६ मध्ये सव्वापाच इंची फ्लॉपी आली आणि हे ऐक्य मोडले. मार्ग किती, खंड किती, नामसूची कोठे, हे प्रत्येक उत्पादक आपल्या मर्जीने ठरवू लागला.

भारतातील शाळांना याचा अनुभव लवकर आला. १९८४-८५ पासून राबविण्यात आलेल्या ‘क्लास’ या संगणक-साक्षरता प्रकल्पात बीबीसी मायक्रो हा ब्रिटिश संगणक वापरण्यात आला होता. त्याची मूळ फ्लॉपी-पद्धती एका बाजूस जास्तीत जास्त ३१ धारिका ठेवी आणि जुन्या, एकपट घनतेच्या रीतीने लिही. आयबीएम पद्धतीच्या पुष्कळ संगणकांतील नियंत्रक त्या रीतीचे वाचनच करू शकत नसत. फ्लॉपी खाचेत नीट बसे, दिवा लागे, आवाज येई, आणि पडद्यावर मात्र दोष-संदेश उमटे.

मॅकिंटॉशची गोष्ट याहून विलक्षण होय. १९८४ च्या मॅकिंटॉशमधील साडेतीन इंची फ्लॉपी दिसावयास इतरांसारखीच होती. परंतु ती फिरण्याचा वेग वाचन-शीर्षाच्या स्थानाप्रमाणे बदले, व बाहेरच्या लांब मार्गांवर अधिक खंड बसविलेले असत. एकाच वेगाने फिरणाऱ्या सामान्य यंत्रास ती वाचणे शक्य नव्हते. १९८८ पासून ॲपलने दोन्ही प्रकार वाचणारे यंत्र दिले, तेव्हा हा अडसर दूर झाला. तोही केवळ १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीपुरता.

एकाच घराण्यातील संगणकही परस्परांशी सुखाने नांदत नसत. १९८४ च्या पीसी-एटीमधील १.२ मेगाबाइटच्या यंत्राचे शीर्ष जुन्या ३६० किलोबाइटच्या यंत्राच्या शीर्षाहून अरुंद होते. नव्या यंत्राने जुन्या फ्लॉपीवर लिहिले की आधीच्या रुंद मार्गाच्या कडा पुसल्या न जाता शिल्लक राहत. जुन्या यंत्राचे रुंद शीर्ष नवे व जुने असे दोन्ही संकेत एकदम वाची आणि गोंधळे. म्हणजे जुन्याचे लेखन नव्याला कळे, नव्याचे जुन्याला कळेलच असे नसे.

लिपीची अडचण :

येथपर्यंतचा इतिहास जगात सर्वत्र सारखाच आहे. इंग्रजी लिहिणाऱ्याचा प्रश्न फ्लॉपी वाचली गेली की बहुतांशी सुटत असे, कारण आस्की या संकेतावलीत ‘ए’ या अक्षराचा क्रमांक डॉसवर आणि मॅकिंटॉशवर एकच होता. फार तर ओळीचा शेवट दर्शविणारी चिन्हे वेगळी निघत. मराठी लिहिणाऱ्यापुढील खरा प्रश्न येथूनच सुरू होई.

भारतीय लिप्यांसाठी एक समान संकेतावली असावी, हे कार्य आयआयटी कानपूर येथे सुरू झाले व पुढे सी-डॅकच्या जिस्ट गटाकडे पुण्यात आले. ‘इस्की’ ही संकेतावली १९८८ मध्ये सिद्ध झाली व १९९१ मध्ये भारतीय मानक १३१९४ म्हणून मान्य झाली. तिची रचना खरोखर विचारपूर्वक केलेली होती. खालचे १२८ संकेत आस्कीचेच ठेवून वरच्या भागात वर्णमालेच्या क्रमाने अक्षरे बसविलेली होती, आणि ती उच्चारक्रमाने साठविली जात. त्यामुळे वर्णानुक्रम लावणे अथवा तोच मजकूर दुसऱ्या भारतीय लिपीत दाखविणे शक्य होई. परंतु जिस्ट कार्ड बसविलेल्या संगणकावरील इस्की मजकूर कार्ड नसलेल्या संगणकावर उघडला की त्या वरच्या संकेतांच्या जागी चौकटीच्या रेषा, ग्रीक अक्षरे व युरोपीय स्वरचिन्हे प्रकट होत. फ्लॉपी निर्दोष, धारिका निर्दोष, आणि मजकूर अगम्य.

विंडोजचा प्रसार झाल्यावर इस्कीला वळसा घालणारी एक वाट लोकप्रिय झाली. इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे काढलेले टंक वापरावयाचे, ही ती वाट. पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी, सी-डॅकच्याच आयएसएमसोबत येणारे टंक, आकृती, शिवाजी अशा अनेक प्रणाल्या व टंक प्रचारात आले. प्रत्येकाची तुकड्यांची मांडणी वेगळी होती. छपाईसाठी ही सोय उत्तम ठरली. मराठी ग्रंथव्यवहारात या टंकांनी खिळे जुळविण्याची जागा घेतली, हे श्रेय नाकारता येणार नाही. देवघेवीच्या दृष्टीने मात्र ती मोठी माघार होती. मानक ज्या शहरात आकारास आले, त्याच शहरातील डी.टी.पी. केंद्रांनी ते बाजूस ठेवले, आणि बाजाराचा विचार करता त्यांना दोष देणेही अवघड आहे : ग्राहकाला छापील पान हवे होते, धारिका नको होती.

या टंकांतील मजकूर उच्चारक्रमाने नव्हे तर दृश्यक्रमाने साठविला जाई. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी व ‘क’ नंतर. ‘वर्षा’ या शब्दातील रफार ‘ष’ नंतर. म्हणून आज असा मजकूर युनिकोडमध्ये आणावयाचा तर केवळ क्रमांकामागे क्रमांक बदलून भागत नाही. वेलांटी मागे व रफार पुढे सरकवावा लागतो, जोडाक्षर कोठे संपते ते ओळखावे लागते, ‘ऱ्य’ व ‘ऱ्ह’ यांची वेगळी सोय पाहावी लागते. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्येच आली व तिचा देवनागरी विभाग १९८८ च्या इस्कीवर आधारलेला होता. परंतु विंडोज २००० व त्यानंतर एक्सपी येईपर्यंत सामान्य मराठी वापरकर्त्यास तिचा उपयोग नव्हता. मधली सुमारे दहा वर्षे मराठी लेखन फ्लॉप्यांवरच, परंतु परस्परांस न कळणाऱ्या बोलींत होत राहिले.

एक वेगळे उदाहरण :

याच पुण्यात, सी-डॅकप्रमाणेच विद्यापीठाच्या परिसरात असलेल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे उदाहरण तुलनेसाठी घेण्यासारखे आहे. खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणे प्रथम तिच्या स्वतःच्या संरचनेत नोंदविली जात व मग ‘फिट्स’ या आंतरराष्ट्रीय संरचनेत रूपांतरित होत. फिट्सचा जन्म १९७९ च्या सुमाराचा, चुंबकीय फितींच्या काळातला. त्याचा प्रत्येक गट २८८० बाइटचा, म्हणजे २३,०४० बिटचा असतो. हा आकडा सहज निवडलेला नाही. तत्कालीन संगणकांचे शब्द कोठे १६, कोठे ३२, कोठे ३६, तर कोठे ६० बिटांचे होते. २३,०४० या सर्वांनी निःशेष भागला जातो. धारिकेच्या आरंभी माहितीचे वर्णन साध्या अक्षरांत, ८० अक्षरांच्या ओळींत दिलेले असते. यंत्र कोणतेही असो, आत काय आहे हे धारिका स्वतःच सांगते. खगोलशास्त्रज्ञांना आपली माहिती परक्या यंत्रावर जाणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. मराठी टंकांच्या निर्मात्यांपुढे तशी गरज कोणी ठेवली नाही.

आजची स्थिती :

पेन ड्राइव्ह २००० साली बाजारात आल्यावर माध्यमाचा प्रश्न पुष्कळ सौम्य झाला. चार गिगाबाइटहून मोठी धारिका फॅट-३२ पद्धतीत मावत नाही. २००६ मध्ये आलेल्या एक्सफॅटने ती मर्यादा दूर केली, आणि २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचा तपशील प्रसिद्ध केल्यावर लिनक्सलाही ती मोकळेपणाने वापरता आली. सोनी कंपनीने २०११ मध्ये फ्लॉपीची विक्री थांबविली.

प्रश्न उरतो तो महाविद्यालयांच्या कपाटांतील फ्लॉप्यांचा. १९९० नंतरच्या दीड दशकातील एम.फिल. व पीएच.डी. प्रबंध, गावांचे इतिहास, स्मरणिका, मौखिक मुलाखतींची टाचणे यांची मूळ प्रत अनेकदा त्यांवरच असते. चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपणारी उपकरणे आता मिळतात व त्यांच्या साहाय्याने जुन्या मॅकिंटॉशची फ्लॉपीदेखील वाचता येते. त्यानंतर टंकाचे नाव लागते. वर्डच्या धारिकेत ते आतच नोंदलेले असते, त्यामुळे योग्य रूपांतरक निवडता येतो. साध्या मजकुराच्या धारिकेत ते नसते. इंग्रजीत जी धारिका सर्वांत टिकाऊ मानली जाते, तीच टंकाधारित मराठीत सर्वांत दुर्बोध ठरते. अशा वेळी अभ्यासकाचा आधार असतो तो फ्लॉपीवर चिकटविलेला कागदी तुकडा, त्यावर टंकलेखकाने शाईने ‘श्रीलिपी’ अथवा ‘सुरेख’ असे लिहिलेले असल्यास. फ्लॉप्यांची नोंद करताना ग्रंथालयांनी तो तुकडा काढून टाकू नये, आणि त्यावरील प्रत्येक शब्द नोंदवहीत उतरून घ्यावा.