फुलांना बांधणारा दोरा

माउली, पालख्या कोठून कोठे जातात हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. आळंदीहून, देहूहून, त्र्यंबकेश्वराहून संत पांडुरंगाच्या भेटीला येतात. अरणची रीत मात्र उलटी. माढा तालुक्यातल्या या गावी सावता महाराजांना भेटायला देवाचीच पालखी जाते. महाराजांनी शके १२१७ म्हणजे इ.स. १२९५ साली देह ठेवला. मळ्यातल्या कामातच त्यांनी विठ्ठल पाहिला, असे परंपरा सांगते. ज्याच्या भेटीला देव जातो तो माळी होता. म्हणून फुलांच्या धंद्याचे आज काय चालले आहे, हे वारकऱ्याने पाहिले पाहिजे.

सावतोबांच्या मळ्यात कोणती फुले असतील? झेंडू नक्कीच नव्हता आणि निशिगंधही नव्हता. दोन्ही मूळची मेक्सिकोची. युरोपातल्या गलबतांबरोबर ती सोळाव्या शतकापासून पुढे आपल्याकडे आली. आज झेंडूवाचून दसरा होत नाही. परमुलखातले फूल आपण देवाला वाहिले आणि ते देवाला चालले, कारण तेही मातीतून उगवते आणि मातीत मिसळते. तेव्हा नवेपणात दोष नाही.

पेशवाईत पुण्यात फुलांच्या कामाला मोठा मान होता. महात्मा जोतीराव फुले यांचे घराणे मूळचे गोऱ्हे. दुसऱ्या बाजीरावांकडे हार, गजरे, फुलांच्या गाद्या पुरवण्याचे काम त्यांच्या वडील-चुलत्यांकडे आले. पेशव्यांनी ३५ एकर जमीन इनाम दिली आणि धंद्यावरून ‘फुले’ हे आडनाव रूढ झाले. तेव्हाच्या फुलाऱ्याचे सामान ते किती? सुई, सुती दोरा, केळीचे सोपट आणि पुडी बांधायला केळीचे नाहीतर पळसाचे पान. हार उतरला की निर्माल्य झाडाच्या बुंध्याशी जाई किंवा वाहत्या पाण्यात. फूल, दोरा, पान, सगळेच कुजून जाई. निर्माल्य नदीत सोडायची आपली रीत त्या सामानाला धरून होती.

रीत तीच राहिली, सामान मात्र बदलले. आता हारात नायलॉनचा दोरा असतो, मध्ये चमकीचे मणी असतात आणि वर प्लास्टिकची पिशवी. १९५४ साली अमेरिकेत फुले खोचायचा हिरवा फोम निघाला. पाणी धरून ठेवतो म्हणून तो सोयीचा. सप्ताहाच्या व्यासपीठावरच्या सजावटीतही आता तो दिसतो. तो कुजत नाही, त्याचा नुसता चुरा होतो आणि तो चुरा पाण्यात उतरतो. फूल चार दिवसांत विरते, पण त्याला बांधणारा दोरा चंद्रभागेच्या वाळूत वर्षानुवर्षे पडून राहतो. २०१६ साली शासनाला ‘नमामि चंद्रभागा’ ही योजना आखावी लागली. जिच्यात स्नान करून आपण पावन होतो, तिलाच स्वच्छ करायची वेळ आली.

यात फुलाऱ्याला बोल लावून भागणार नाही. पहाटे बाजारातून फुले आणून दिवसभर उन्हात बसणारी बाई स्वस्त तोच दोरा घेणार. गिऱ्हाईक पिशवी मागते म्हणून ती पिशवी देते. त्यातच प्लास्टिकच्या माळा आल्या. त्या वर्षभर टिकतात, म्हणून तेवढा खऱ्या फुलांचा खप कमी होतो आणि झेंडू लावणाऱ्या शेतकऱ्याचा भाव पडतो. सावतोबांचे भाऊबंदच त्यात भरडले जातात.

उपाय काही अवघड नाही. सुती दोऱ्याचा हार मागा आणि त्याचे दोन रुपये जास्त पडले तर आनंदाने द्या. त्या ऋतूत जवळपास पिकणारे फूल घ्या. तुळशीची माळ तर बारमाही मिळते. पुडी पानात बांधून घ्या, नाहीतर घरून कापडी पिशवी न्या. सप्ताह ठरवताना सजावटवाल्याला आधीच बजावा, की फोम नको आणि प्लास्टिकची फुले नकोत. निर्माल्यातला दोरा सोडवून पाकळ्या खतात घाला. कानपूरला देवळांतली वाहिलेली फुले गोळा करून त्यांच्या उदबत्त्या करण्याचा उद्योग उभा राहिला आहे. अनेकांची चूल त्यावर पेटते.

गिऱ्हाईक मागेल तसा फुलारी हार ओवतो. पुढच्या एकादशीला हार घेताना, माउली, फुलांकडे पाहून झाले की एकदा दोऱ्याकडेही पाहा.

रामकृष्ण हरी.