लसिकेच्या थेंबातला पुरावा

गर्भात वाढणारा मज्जातंतू आपली वाट कशी शोधतो, हे विचारायचे तर आधी एक गोष्ट मान्य असावी लागते: तंतू कुठून तरी निघतो आणि कुठे तरी पोहोचतो. १९०६ साली नेमके यावरच एकमत नव्हते. त्या डिसेंबरात वैद्यकाचे नोबेल पारितोषिक कामिल्लो गॉल्जी आणि सांतियागो रामोन इ काहाल यांना विभागून मिळाले. दोघांची स्टॉकहोममधली व्याख्याने छापलेली आहेत. ११ तारखेला गॉल्जींनी मज्जापेशी हे स्वतंत्र एकक आहे या सिद्धांतावरच टीका केली आणि १२ तारखेला काहाल यांनी त्याच सिद्धांताची बाजू मांडली. समारंभाच्या व्यासपीठावर इतके उघड भांडण क्वचितच नोंदले गेले असेल.

गर्भविज्ञानात याच वादाचे तीन पक्ष होते. थिओडोर श्वान यांच्या परंपरेतले म्हणत की तंतू एका पेशीचा नसतो, ओळीने लागलेल्या अनेक पेशी जुळून तो बनतो. व्हिक्टर हेन्सेन यांनी १८६४ मध्ये वेगळेच सुचवले होते. त्यांच्या मते गर्भातल्या पेशी सुरुवातीपासून जीवद्रव्याच्या बारीक पुलांनी जोडलेल्या असतात आणि त्यांतले वापरात येणारे पूल पुढे मज्जातंतू होतात. तिसरा पक्ष विल्हेल्म हिस यांचा, १८८० च्या दशकातला: प्रत्येक तंतू एकाच पेशीतून फुटतो आणि ऊतींमधून पुढे सरकत जातो. पहिल्या दोन मतांत वाट शोधण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तिथे वाट आधीच तयार आहे. हिस यांचे म्हणणे खरे असेल, तरच तो प्रश्न उभा राहतो.

हिस यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम दस्तऐवज म्हणजे काहाल यांचा १८९० चा, कोंबडीच्या गर्भाच्या मज्जारज्जूवरचा निबंध. गॉल्जींच्याच चांदीच्या रंजनपद्धतीने रंगवलेल्या छेदांत त्यांना वाढत्या तंतूच्या टोकाला फुगीर शंकू दिसला आणि त्यांनी त्याला ‘वाढीचा शंकू’ म्हटले. १८९२ मध्ये दृष्टिपटलाचा अभ्यास करताना त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. पांढऱ्या रक्तपेशी जशा रासायनिक द्रव्यांकडे ओढल्या जातात, तसाच हा शंकूही ओढला जात असावा, अशी त्यांची कल्पना होती.

काहाल यांची सर्वांत जास्त सांगितली जाणारी हकीकत मात्र या निबंधांतली नाही. ती १९१७ च्या त्यांच्या आठवणींतली आहे. तिथे शंकू जिवंत होतो, अमीबासारखा हलतो, अडथळे बाजूला सारत पुढे घुसतो. मराठी इतिहासलेखनाला अस्सल पत्र आणि बखर यांतला फरक शिकवावा लागत नाही, आणि इथेही तोच नियम लागू आहे. आठवणी लिहिल्या गेल्या तेव्हा मूळ निरीक्षणाला पंचवीसहून अधिक वर्षे लोटली होती आणि तंतूची हालचाल दुसऱ्याने डोळ्यांनी पाहूनही दहा वर्षे झाली होती. चांदीने काळा झालेला छेद मेलेला असतो, त्यात काहीही हलत नाही. काहाल यांचे अनुमान बरोबर ठरले, पण ते अनुमानच होते. विरोधकांना त्याच छेदात पूल दिसत, यात त्यांच्या बुद्धीचा दोष नव्हता.

तंतूची हालचाल डोळ्यांनी पाहणारा तो दुसरा म्हणजे रॉस ग्रॅनव्हिल हॅरिसन. जन्म १८७०, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची पीएच.डी., पुढे बॉनहून वैद्यकीची पदवी. १९०४ च्या सुमारास त्यांनी बेडकाच्या गर्भातून, तंतूंभोवती आवरण बनवणाऱ्या श्वान पेशींचा उगम असलेला भाग काढून टाकला होता. तरीही तंतू वाढले, फक्त उघडे राहिले. ओळीने जुळलेल्या पेशींच्या साखळीचे मत त्यामुळे खिळखिळे झाले. हेन्सेनच्या पुलांचे मात्र काही बिघडले नाही, कारण गर्भाच्या शरीरात कुठेही पाहिले तरी तंतूभोवती इतर पेशी असतातच. तेव्हा तंतूला शरीराबाहेर, जिथे पूल असणे शक्यच नाही अशा जागी वाढवायचे, एवढाच उपाय उरला.

ते कसे केले, हे ‘अॅनाटॉमिकल रेकॉर्ड’च्या जून १९०७ च्या अंकातल्या एका छोट्या टिपणात आहे. शीर्षक साधे: जिवंत, वाढत्या मज्जातंतूची निरीक्षणे. सुमारे ३ मिलिमीटर लांबीचे बेडकाचे गर्भ घेतले. त्यांच्या मज्जानलिकेचा तुकडा काढला तेव्हा त्यात एकही तंतू तयार झालेला नव्हता. मोठ्या बेडकाच्या लसिकेचा ताजा थेंब पातळ आच्छादक काचेवर ठेवून त्यात हा तुकडा सोडला. लसिका लगेच गोठते, त्यामुळे तुकडा जागीच राहतो. मग ती काच खोलगट काचपट्टीवर उलटी ठेवून कडा पॅराफीनने बंद केल्या. लोंबत्या थेंबाची ही युक्ती जंतुशास्त्रज्ञांची होती. हॅरिसन यांनी ती उसनी घेतली. एवढ्या लहान वयाचे गर्भ वसंतातच मिळतात आणि टिपण जूनमध्ये छापले गेले. म्हणजे काम त्याच वर्षीच्या मार्च ते मे या काळातले असावे, असा अंदाज बांधता येतो.

निर्जंतुकतेची काळजी घेतली तर तुकडे आठवडाभर जगत, काही जवळजवळ चार आठवडे. आणि तंतू फुटले. टोकाशी फुगवटा, त्यातून निघणारे बारीक, कधी फाटे फुटलेले धागे, आणि त्यांची अमीबासारखी सततची हालचाल, हे सगळे हॅरिसन यांनी जिवंत पाहिले. एक तंतू २५ मिनिटांत जवळजवळ २० मायक्रॉन वाढला. सर्वांत लांब तंतू ०.२ मिलिमीटरचे. हे दोन आकडे मला त्या टिपणातले सर्वांत मौल्यवान वाटतात. तंतू वाढतो असे म्हणणारे पुष्कळ होते, त्याला घड्याळ लावणारा हा पहिला.

१९०७ मध्येच हॅरिसन येल विद्यापीठात गेले. १९१० चा साठेक पानांचा सविस्तर निबंध तिथला. त्याच वर्षी न्यूयॉर्कहून अॅलेक्सिस कॅरेल यांचा सहकारी माँट्रोझ बरोझ ही पद्धत शिकायला येलला आला, आणि बेडकाच्या लसिकेऐवजी कोंबडीच्या रक्तातला प्लाझ्मा वापरू लागला. शरीराबाहेर ऊती वाढवण्याच्या या तंत्राचा, म्हणजे ऊतिसंवर्धनाचा, गाजावाजा कॅरेल यांच्या नावाने झाला तो त्यानंतर.

खटकणारी गोष्ट पुढे आहे. नोबेल प्रतिष्ठानच्याच इतिहासात नोंद आहे की १९१७ मध्ये समितीच्या बहुमताने हॅरिसन यांची शिफारस केली होती. पण पारितोषिक देणाऱ्या संस्थेने त्या वर्षी ते कोणालाच दिले नाही. १९३३ मध्ये नाव पुन्हा आले. शोध जुना झाला आणि पद्धतीचे मोल मर्यादित, असे म्हणून ते बाजूला ठेवले गेले. पद्धतीबद्दलचा हा शेरा आज कोणत्याही जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत वाचून दाखवला तर लोक हसतील.

वाटेच्या प्रश्नापुरते पाहिले तर मात्र १९०७ चा प्रयोग खरोखरच मर्यादित होता, आणि हॅरिसन यांनी त्याहून मोठा दावा केलाही नाही. थेंबात एकच तुकडा होता. तंतूने पोहोचावे असे ठिकाणच त्यात नव्हते. त्यामुळे काहाल यांचे रासायनिक आकर्षण खरे की खोटे, हे त्या थेंबावरून ठरू शकत नव्हते. दिसत होते ते इतकेच की सरकणाऱ्या पेशींना आणि तंतूंना टेकायला काहीतरी घट्ट लागते. १९१४ च्या निबंधात हॅरिसन यांनी त्यासाठी कोळ्याच्या जाळ्याचे धागे वापरले आणि पेशी त्या धाग्यांवरून सरकताना दाखवल्या. पुढे पाउल वाइस यांनी हाच धागा पकडून पृष्ठभागाच्या स्पर्शाला महत्त्व दिले. रासायनिक खुणेची कल्पना मागे पडली. ती पुन्हा आणली वाइस यांच्याच विद्यार्थ्याने, रॉजर स्पेरी यांनी. १९४० च्या दशकात त्यांनी उभयचरांचे डोळे १८० अंशांत फिरवले. तोडलेले दृष्टितंतू परत आपल्या जुन्याच जागी जाऊन जुळले आणि ते प्राणी भक्ष्य वर असले की खाली झडप घालू लागले.

तरी एकच तुकडा असलेल्या थेंबाची उणीव मज्जारज्जूतल्या तंतूंपुरती भरायला १९८८ उजाडले. मार्क टेसिए-लाव्हिन्य आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या गर्भातल्या मज्जारज्जूच्या पाठीकडच्या भागाचा तुकडा आणि त्याच्या तळाशी असलेल्या पट्टीचा, म्हणजे तळपट्टीचा, तुकडा कोलॅजनच्या जेलमध्ये अंतर ठेवून शेजारी ठेवले. मधल्या रिकाम्या जेलमधून तंतू तळपट्टीकडे वळले. ज्याने ते वळत होते ते द्रव्य वेगळे काढायला आणखी सहा वर्षे आणि कोंबडीच्या गर्भांचे सुमारे २५,००० मेंदू लागले. त्यातून दोन प्रथिने मिळाली आणि संस्कृत ‘नेतृ’वरून त्यांना नेट्रिन म्हटले गेले. रचनेत ती एका सूक्ष्म कृमीतल्या, आधीच माहीत असलेल्या प्रथिनाशी जुळत होती. त्या कृमीत हे प्रथिन बिघडले की तंतू भरकटतात आणि कृमीला नीट सरपटता येत नाही. पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, आणखी एक निकाल छापला गेला: ज्या नेट्रिनकडे मज्जारज्जूतले हे तंतू ओढले जातात, तेच नेट्रिन डोळ्याच्या एका स्नायूकडे जाणाऱ्या तंतूंना दूर लोटते.