प्लुटियस डिंभाचा सांगाडा

समुद्री अर्चिन व सँड डॉलर या कंटकचर्मी संघातील प्राण्यांच्या पोहणाऱ्या डिंभास 'प्लुटियस' म्हणतात. त्याच्या पारदर्शक देहातील चुनखडीच्या बारीक काड्यांच्या रचनेस प्लुटियस डिंभाचा सांगाडा म्हणतात. सँड डॉलरची चपटी कवचे कोकणच्या वाळूच्या किनाऱ्यांवर आढळतात; मात्र त्यांचे डिंभ सूक्ष्म असल्याने सहसा दृष्टीस पडत नाहीत.

निर्मिती
फलित अंड्याचे विभाजन होऊन १६ पेशी झाल्या की त्यांपैकी ४ पेशी इतरांहून लहान असतात. पुढील विभाजनात त्यांच्यापासून ४ मोठ्या व ४ लहान पेशी होतात. यातील मोठ्या पेशींचे वंशज सांगाडा तयार करतात. पोकळ चेंडूसारख्या भ्रूणाच्या भिंतीतून सुटून ते आतील पोकळीत शिरतात व तेथे कडे करतात. कड्याच्या दोन बाजूंस त्यांचे एकेक पुंजके जमतात. या पेशींचे तंतू परस्परांत मिसळून त्यांची सलग दोरी बनते व तिच्यातील बंदिस्त जागेत खनिज साठते.

प्रत्येक पुंजक्यात प्रथम कॅल्साइटचा सूक्ष्म स्फटिक दिसतो. त्याला तीन फाटे फुटतात आणि ते वाढून देहाचा व भुजांचा आधार होतात. खनिज आरंभी अस्फटिकी कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात साठते व नंतर कॅल्साइटमध्ये बदलते. त्यात थोडे मॅग्नेशियम व काही प्रथिनेही असतात. काडी कोठे वाढावी, याचे संकेत बाह्यस्तरातील पेशी देतात. मात्र काडी घडविण्याची क्षमता मूळ पेशींतच असते. त्या भ्रूणापासून वेगळ्या करून वाढविल्या तरी काड्या तयार करतात, हे जपानी संशोधक कायो ओकाझाकी यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले.

कार्य व भेद
सांगाड्यामुळे भुजा ताठ राहतात. भुजांवरील केसलांच्या पट्ट्याने डिंभ पोहतो व सूक्ष्म शैवले टिपतो. अन्न दुर्मीळ असल्यास काही जातींच्या डिंभांत भुजा अधिक लांब होतात. समुद्री अर्चिनच्या अनेक जातींत भुजांतील काड्या साध्या असतात, तर सँड डॉलरमध्ये काही काड्यांना शिडीसारखी छिद्रे असतात. रूपांतरणाच्या वेळी डिंभाच्या देहाच्या डाव्या बाजूस प्रौढ प्राण्याचा अंकुर वाढतो व डिंभाच्या भुजा नष्ट होतात.

महत्त्व
पेशी दगडासारखे खनिज कसे घडवितात आणि जनुके त्यावर कसे नियंत्रण ठेवतात, याच्या अभ्यासासाठी हा डिंभ आदर्श मानला जातो. जांभळ्या समुद्री अर्चिनचा जनुकसंच २००६ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर या अभ्यासाला वेग आला.

वातावरणातील कार्बन डायऑक्साइड शोषल्याने समुद्राच्या पृष्ठजलाचे सामू मूल्य औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या सुमारे ८.२ वरून ८.१ वर आले आहे. पाणी अधिक आम्लधर्मी झाल्यास खनिज साठविण्यास डिंभाला जास्त ऊर्जा खर्चावी लागते. प्रयोगांत अशा डिंभांच्या भुजा आखूड राहिल्याचे आढळले आहे. भुजा आखूड राहिल्या की अन्न कमी मिळते. म्हणून या सूक्ष्म काड्यांवर पुढील पिढी अवलंबून असते.