दबावाखाली डोकं शांत कसं ठेवायचं? ज्युदोच्या मॅटवर होतो याचा सराव

मुलाखतीला नाव पुकारलं जातं आणि पाठ केलेलं सगळं डोक्यातून जातं. रस्त्यात कुणी गाडीला कट मारतो आणि पुढच्या क्षणी आपला आवाज चढलेला असतो. घरी आल्यावर वाटतं, तेव्हा जरा शांत राहायला हवं होतं.

पण 'शांत राहा' असं सांगून कुणी शांत होत नाही. त्याचा सराव करावा लागतो. तो कसा होतो, हे ज्युदोच्या उदाहरणातून समजून घेऊया.

दबावाखाली शरीरात काय होतं?

धोका जाणवला की शरीरात अ‍ॅड्रिनलिन वाढतं. छातीत धडधडतं, श्वास उथळ होतो, स्नायू आखडतात आणि नजर एकाच गोष्टीवर खिळते. पळायला किंवा लढायला हे उपयोगी आहे. अडचण अशी, की परीक्षा, मुलाखत किंवा भांडणातही शरीर बरंचसं असंच वागतं. तिथे मात्र विचार करून बोलायचं असतं.

आधी पडायला शिका

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही संस्था सुरू केली आणि जुन्या जुजुत्सूतून ज्युदो घडवला. मोकळ्या सरावातून त्यांनी घातक डाव वगळले. त्यामुळे समोरच्याला इजा न करता पूर्ण ताकदीने सराव करता येऊ लागला. दबाव खरा, पण धोका मर्यादित, असं हे गणित आहे.

नवशिक्याला आधी शिकवतात ते पडणं. त्याला 'उकेमी' म्हणतात. हनुवटी छातीकडे घ्यायची आणि हात मॅटवर आपटून धक्का पसरवायचा. शेकडो वेळा पडून झालं की पडण्याची भीती ओसरते आणि शरीर आखडणं थांबतं.

मग येते रांदोरी

रांदोरी म्हणजे मोकळी झुंज. समोरचा काय करणार, हे ठरलेलं नसतं. नवखा माणूस घट्ट पकड धरतो, श्वास रोखतो आणि थोड्याच वेळात दमतो. सरावलेला माणूस पकड सैल ठेवतो, श्वास सोडत राहतो आणि संधीची वाट बघतो.

अडकलात तर हाताने दोनदा थोपटायचं. जोडीदार लगेच सोडतो आणि पुन्हा सुरुवात होते. हरणं ही रोजचीच गोष्ट झाली की त्याची दहशत उरत नाही.

अमेरिकेत जन्मलेले मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड मायकेनबाम यांनी १९७० च्या दशकात मांडलेली पद्धतही याच्याशी जुळते. लसीसारखा झेपेल इतकाच ताण आधी घ्यायचा, तो हाताळायला शिकायचं आणि मग हळूहळू वाढवायचा.

राग 'बाहेर काढला' की शांत वाटतं का?

हा मोठा गैरसमज आहे. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६०० विद्यार्थी होते. ज्याच्यावर राग आहे त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग सर्वात जास्त राहिला. नुसतं शांत बसलेल्यांचा राग सर्वात कमी होता. म्हणजे फायदा ठोशांचा नाही. ताणातही स्वतःवर ताबा ठेवण्याचा जो सराव होतो, त्याचा आहे.

क्लास निवडताना काय बघाल?

- आधी पडायला शिकवतात का?
- थोपटल्यावर लगेच सोडतात का?
- नवशिक्यांची झुंज बेताची ठेवतात का?
- चुकल्यावर सर अपमान करतात की दुरुस्त करतात?

एक गोष्ट लक्षात ठेवा. मॅटवरचा शांतपणा ऑफिसात आपोआप येत नाही, तो मुद्दाम वापरावा लागतो. उत्तर देण्याआधी एक लांब श्वास सोडा, खांदे सैल करा, मगच बोला. श्वास हळू सोडला की हृदयाचे ठोके मंदावायला मदत होते.

वारंवार घाबरून जीव कासावीस होत असेल, तर क्लासच्या भरवशावर राहू नका, डॉक्टरांना भेटा. आणि रस्त्यावर खरंच कुणी अंगावर आलं, तर डाव टाकण्यापेक्षा तिथून निघून जाणंच शहाणपणाचं. डोकं शांत असेल तर तेही वेळेत सुचतं.