२,३७६ तास: एका डोमेन नावाचा घटनाक्रम

इंटरनेटवरच्या नावांची भांडणं मिटवणारी जी जागतिक लवादपद्धत आज चालते, तिच्यातलं पहिलं प्रकरण जिनिव्हाला वायपोच्या, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या दप्तरी ‘डी१९९९-०००१’ या क्रमांकाने नोंदलेलं आहे. भांडणाचं मूळ होतं ‘वर्ल्डरेसलिंगफेडरेशन डॉट कॉम’ हे नाव. ते नोंदवणारा अमेरिकेतला एक साधा माणूस होता. त्याने कुणाची साइट फोडली नव्हती, बनावट माल विकला नव्हता. त्या पत्त्यावर एक पानसुद्धा टाकलं नव्हतं. तरी नाव गेलं. खालचे तास तारखांवरून मोजले आहेत. शून्य तास म्हणजे निकालाचा दिवस.

उरले २,३७६ तास: गुरुवार, ७ ऑक्टोबर १९९९

नोंदणी झाली. मुदत दोन वर्षं, नोंदणीदार, म्हणजे नावं नोंदवून देणारी कंपनी, ऑस्ट्रेलियातली मेलबर्न आयटी. त्या काळी नेटवर्क सोल्यूशन्स ही सर्वांत मोठी कंपनी दोन वर्षांचे ७० डॉलर घ्यायची, त्यावरून अशा नोंदणीचा खर्च किती किरकोळ होता ते कळतं. आणि नाव कुणाचं? ज्या कुस्तीच्या खेळाने केबलवरून आपल्याकडच्याही घराघरांत ठाण मांडलं होतं, ज्याच्या पैलवानांचे ट्रम्प कार्ड खेळत नव्वदच्या दशकातली मुलं उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालवत होती, त्या डब्ल्यूडब्ल्यूएफचं.

नोंदणी करताना कुणी अडवत नाही, आजही नाही. नाव मोकळं आहे एवढंच संगणक बघतो; ते कुणाचं व्यापारचिन्ह आहे का हे बघणं नोंदणीदाराचं काम नाही. घोटाळा इथूनच सुरू होतो. पैसे भरले, पावती आली, आता नाव माझं, असं माणसाला वाटतं. सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणजे मालकी शाबीत झाली असं आपल्याकडे कुठलंच कोर्ट मानत नाही. डोमेनच्या नोंदणीचंही तसंच आहे. तिच्या करारातच नोंदवणारा लिहून देतो की या नावाने दुसऱ्याच्या हक्कावर गदा येत नाही. ते कलम न वाचताच बहुतेक जण ‘मान्य’ म्हणतात.

उरले २,३०४ तास: रविवार, १० ऑक्टोबर

नाव घेऊन तीनच दिवस झाले होते. त्याने कंपनीला ई-मेल पाठवला: नाव मी घेतलं आहे, आणि घेण्यामागचा मुख्य उद्देश ते तुम्हाला माझ्या खर्चापेक्षा जास्त मोबदल्यात विकणं हाच आहे. पुढे ३ डिसेंबरच्या दुसऱ्या ई-मेलमध्ये आकडाही सांगितला, १,००० डॉलर. सोबत हिशेब मांडला की कोर्टकचेरीत कंपनीचे हजारो डॉलर आणि वेळ जाईल, त्यापेक्षा हा सौदा स्वस्त पडेल.

या पहिल्या ई-मेलपाशी मी थांबतो, कारण पुढचं सगळं त्यानेच घडवलं. एखाद्याच्या मनात काय होतं हे सिद्ध करणं ही कुठल्याही दाव्यातली सर्वांत अवघड गोष्ट. इथे माणसाने ती आपणहून, तारखेसह, विरोधी पक्षाच्या हातात दिली. नाव घेऊन तो गप्प बसला असता तर कंपनीला त्याचा हेतू अंदाजाने मांडावा लागला असता. शिवाय मोठी कंपनी हजार डॉलरसाठी भांडणार नाही हा त्याचा अंदाज मुळातच चुकीचा होता. आपल्या नावावरचा हक्क जी कंपनी राखत नाही, तिच्या व्यापारचिन्हाचं बळ हळूहळू ओसरतं. एकाला पैसे दिले की दुसऱ्या दिवशी दहा जण दारात उभे राहतात. म्हणून रक्कम कितीही लहान असली तरी असे मालक लढतात.

उरले २,०८८ तास: १९ ऑक्टोबर

डब्ल्यूडब्ल्यूएफचे समभाग नॅस्डॅकवर आले, १७ डॉलरला एक. आता कंपनीच्या नावावर भागधारकांचे पैसे लागले होते.

उरले १,९६८ तास: २४ ऑक्टोबर

डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅनने नव्या लवादपद्धतीच्या, यूडीआरपीच्या, नियमांना अंतिम मंजुरी दिली. त्यात तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नाव त्याच्या व्यापारचिन्हासारखं किंवा फसगत होईल इतकं मिळतंजुळतं आहे, नोंदवणाऱ्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि नाव वाईट हेतूने नोंदवलं व वापरलंही गेलं. वाईट हेतूची पहिलीच खूण नियमांत दिली आहे ती अशी: व्यापारचिन्हाच्या मालकाला, पदरचा खर्च वजा जाऊन नफा राहील अशा किमतीला विकण्यासाठी घेतलेलं नाव. दोन आठवड्यांपूर्वीच्या त्या ई-मेलमध्ये जवळजवळ हेच लिहिलेलं होतं.

उरले १,१०४ तास: २९ नोव्हेंबर

अध्यक्ष क्लिंटन यांच्या सहीने अमेरिकेत सायबर-बळकावणीविरोधी कायदा झाला. एकेका नावामागे १,००० ते १,००,००० डॉलरपर्यंत भरपाई. आधीच झालेल्या नोंदणीसाठी ही भरपाई मागता येत नव्हती, पण नाव काढून घेता येत होतं.

उरले १,०५६ तास: १ डिसेंबर

यूडीआरपी लागू. नेटवर्क सोल्यूशन्ससारख्या काही बड्या नोंदणीदारांना ३ जानेवारीपर्यंत सवलत होती. मेलबर्न आयटीला नव्हती.

उरले १,०३२ तास: २ डिसेंबर

डब्ल्यूडब्ल्यूएफची तक्रार वायपोकडे ई-मेलने दाखल. नियम लागू होऊन एकच दिवस झाला होता.

आता घड्याळ नियमांच्या हातात गेलं. प्रतिवादीला उत्तरासाठी २० दिवस. पंच नेमल्यावर त्याने १४ दिवसांत निकाल द्यायचा. साक्षीपुरावा, उलटतपासणी काही नाही, सगळं कागदावर. दिवाणी दाव्यांच्या तारखांची सवय असलेल्या आपल्याला हा वेग खरा वाटत नाही, आणि त्याचमुळे आपल्याकडची माणसं अशी नोटीस आली की ती बाजूला ठेवतात. या माणसानेही तक्रारीतल्या विधानांना आव्हान दिलं नाही. मग पंचासमोर एकच बाजू उरते.

त्याच डिसेंबरात निसान मोटरने अमेरिकेत एका संगणक व्यावसायिकावर एक कोटी डॉलरचा दावा लावला. त्याच्याकडे ‘निसान डॉट कॉम’ होतं, १९९४ पासून. पण निसान हे त्याचं स्वतःचं आडनाव होतं, धंदाही त्याच नावाने आधीपासून चालू होता. त्याचं नाव शेवटी त्याच्याकडेच राहिलं. मात्र त्यासाठी त्याला कित्येक वर्षं आणि अफाट पैसा घालवावा लागला. हक्क खरा असला तरी राखायची किंमत एवढी, हेही लक्षात ठेवायला हवं.

उरले ३६० तास: ३० डिसेंबर

दिल्लीत १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्यात नामांकित चिन्हाला वेगळ्या धंद्यातही संरक्षण आलं. डोमेनचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे आजही नाही, पण न्यायालयं त्यासाठी थांबली नव्हती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ‘रेडिफ’च्या नावातलं एक अक्षर बदलून घेतलेल्या ‘रॅडिफ डॉट कॉम’ला मनाई केली होती. पुढे २००४ मध्ये सत्यम इन्फोवे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की डोमेन नावालाही व्यापारचिन्हाचे गुण असतात आणि नक्कल करून दुसऱ्याच्या नावावर धंदा करणाऱ्याला रोखता येतं.

शून्य तास: शुक्रवार, १४ जानेवारी २०००

एकच पंच, एकच अवघड प्रश्न. नाव वाईट हेतूने नोंदवलं हे उघड होतं. पण नियमाला वापरही हवा होता, आणि या माणसाने साइटच उभी केली नव्हती. सुटायची एवढीच फट होती. पंचाने अशाच डोमेन-वादांतले दोन निकाल, अमेरिकेतला पॅनाव्हिजनचा आणि इंग्लंडमधला ब्रिटिश टेलिकॉमचा, पुढे ठेवले. व्यापारचिन्हाच्या मालकालाच नाव विकायला काढणं हाच त्या नावाचा वापर, असं त्याने ठरवलं. फट बुजली, आणि ती ई-मेलनेच बुजली. नाव डब्ल्यूडब्ल्यूएफला द्या, असा आदेश निघाला. आदेश निघाल्यावर कोर्टात जायला कामकाजाचे १० दिवस मिळतात. ते सरले की नोंदणीदार नाव फिरवून टाकतो.

‘डॉट इन’ नावांच्या बाबतीत तर ही फटही नाही. तिथे वाईट हेतूने नोंदणी किंवा वापर, दोहोंपैकी एक सिद्ध झालं तरी पुरतं. ‘मी कुठे वापरलं?’ हे उत्तर भारतीय नावाला चालत नाही.

शून्यानंतर

जिंकलेल्या कंपनीलाही पुढे नावाचा फटका बसला. डब्ल्यूडब्ल्यूएफ ही अक्षरं पांडाचं चिन्ह असलेल्या वन्यजीव संस्थेचीही होती आणि दोघांत १९९४ मध्ये करार झालेला होता. तो मोडल्याचं इंग्लंडच्या न्यायालयांनी ठरवलं, आणि मे २००२ मध्ये कुस्तीवाल्यांना डब्ल्यूडब्ल्यूई व्हावं लागलं. मोठ्याच्या बाजूने नेहमीच झुकतो असा हा कायदा नाही. नाव आधी कुणाचं आणि ते कशासाठी घेतलं, एवढंच तो विचारतो.

वायपोचं एका पंचाचं शुल्क आज १,५०० डॉलर आहे, आणि कंपन्या ते भरतात. तेव्हा नवं नाव घेण्याआधी ट्रेड मार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर शोध घ्या; तो फुकट आहे. एखादं नामांकित नाव आधीच घेऊन बसला असाल तर ते सोडून द्या. नोटीस आली असेल तर पाकीट बाजूला ठेवू नका. तुमच्याकडे २० दिवस आहेत, त्यातल्या पहिल्याच दिवशी वकील गाठा. आणि काहीही झालं तरी कंपनीला किंमत सांगणारं पत्र लिहू नका.