वर्ध्याची हिंदुस्तानी, कोलंबोचा रेडिओ

रेडिओ सिलोनचा इतिहास बहुधा चित्रपटगीतांच्या आठवणींतून सांगितला जातो. भाषेच्या अभ्यासकाने तो वर्ध्यापासून वाचायला सुरुवात करावी.

१९३६ मध्ये वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. पण हिंदी की हिंदुस्तानी, लिपी एक की दोन, हा प्रश्न धुमसतच राहिला. नागरी आणि उर्दू अशा दोन्ही लिप्यांत लिहिल्या जाणाऱ्या सोप्या हिंदुस्तानीसाठी गांधीजींनी १९४२ मध्ये वर्ध्यातच हिंदुस्तानी प्रचार सभा काढली. काका कालेलकर त्या कामात त्यांच्यासोबत होते. १९४५ मध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनातून बाहेर पडले. सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेने देवनागरीतील हिंदी स्वीकारली आणि हिंदुस्तानीचा पक्ष हरला.

या पक्षाचे एक छोटे ठाणे मुंबईत होते. गांधीजींच्या प्रेरणेने कुलसूम सयानी ‘रहबर’ हे पाक्षिक काढत. भाषा एकच, सोपी हिंदुस्तानी. लिप्या तीन, नागरी, उर्दू आणि गुजराती. त्यांचा धाकटा मुलगा अमीन या कामात आईच्या हाताशी असे.

तिकडे कोलंबोत, महायुद्धात दोस्त सैन्यासाठी उभारलेले शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक सिलोन सरकारच्या हाती आले होते. १९५० मध्ये तिथे व्यापारी सेवा सुरू झाली. इंग्रजी, सिंहली, तमिळ या भाषांच्या जोडीला हिंदी आली. १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताच्या कैवारापोटी त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली आणि श्रोता कोलंबोकडे वळला. त्याच वर्षी ३ डिसेंबरला ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. ध्वनिमुद्रण मुंबईत, प्रक्षेपण कोलंबोहून, निवेदक अमीन सयानी.

केसकरांच्या अभिरुचीची थट्टा पुष्कळ झाली आहे. मला इथे भाषेचा मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटतो. दंतमंजन विकायचे तर निवेदन लाहोरपासून मद्रासपर्यंत कळले पाहिजे. संस्कृतप्रचुर हिंदी आणि फारसीने जड झालेली उर्दू, दोन्ही तिथे निरुपयोगी. सयानींना घरातूनच मिळालेली ‘रहबर’ची भाषा नेमकी कामी आली. वर्ध्याने राष्ट्रीय ऐक्यासाठी मागितलेली बोली बाजाराने खपासाठी उचलली. आमच्या भाषाविषयक चर्चांत हा योगायोग फारसा येत नाही. कदाचित जाहिरातीला आपण भाषेचा इतिहास मानत नाही म्हणून.

आकाशवाणीने उत्तर म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती आणली. तिच्यावर जाहिराती येण्यास मात्र १ नोव्हेंबर १९६७ उजाडला. पहिली केंद्रे मुंबई, पुणे आणि वर्ध्याशेजारचे नागपूर. १९८९ मध्ये गीतमालाही विविध भारतीवर आली.

तरीही याला गांधीजींचा विजय म्हणणे कठीण आहे. त्यांचा आग्रह बोलीइतकाच लिप्यांचाही होता. प्रत्येकाने दुसऱ्याची लिपी शिकावी, असा. रेडिओ ऐकणाऱ्याला लिपीची गरजच पडली नाही. १९६० मध्ये ‘रहबर’ बंद पडले, तेव्हा तीच हिंदुस्तानी दर बुधवारी घरोघर ऐकली जात होती.